अक्पेनेचं तेल

लुमोरने टेप डोत्सेच्या मानेभोवती लावली, बघितली, सोडवली आणि पुन्हा लावली. मग ओठांत धरलेल्या टाचण्या काढून मशीनवर ठेवल्या. लुमोर टाचण्या काढतो म्हणजे त्याला बोलायचं आहे, हे अक्राजवळच्या आशायमानच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मास्तर, तुझी मान वाढलीय."

"मान काय वाढते? शेळीची शिंगं आहेत का?"

"घेर म्हणतोय मी. गेल्या वर्षी ह्याच मानेला काळा सदरा शिवला, ह्याच हातांनी. तेव्हा कॉलरीत माझं बोट जात होतं. आता बटण लावलं तर डोळे बाहेर येतील तुझे." लुमोरने मान कलती करून त्याच्याकडे बघितलं, उसवलेल्या शिवणीकडे बघावं तसं. "बायको गेली की माणूस वाळतो. माझा बाप वाळला. मामा तर असा वाळला की त्याचे पट्टे पुढे मीच वापरले. दुखवट्यात फुगलेला माणूस मी हा पहिलाच बघतोय."

लुमोर हसला, म्हणून डोत्सेही हसला. हसू घशातून वर येताना वाटेत कुठेतरी अडलं आणि खरखरत बाहेर पडलं. वर्ष भरायला अजून अवकाश होता. पण लुमोर कुणाचंच कापड वेळेवर देत नाही, म्हणून गेलेल्या बायकोच्या, अक्पेनेच्या, धाकट्या बहिणीने, एन्योनामने, त्याला इतक्या आधी माप द्यायला पिटाळलं होतं. वर्ष भरलं की काळं उतरवायचं, पांढरं घालायचं, गल्लीला जेवू घालायचं, की माणूस मोकळा. सगळे हाच शब्द वापरत. मोकळा. जसं काही त्याला कुणी दावणीला बांधलं होतं.

बाजारातून घरी येताना डोत्सेचा हात सारखा गळ्याशी जात होता. तिथे काय आहे ते त्याला माहीत होतं, त्याने लुमोरला सांगितलं नव्हतं इतकंच. तिथे अक्पेने होती. ती गेली त्या दुपारी तो एका नव्या शिकाऊला गाडी मागे घ्यायला शिकवत होता. गाडी मागे घेताना आरशात बघा, पाठीमागचं जग आरशात असतं, असं त्याचं ठरलेलं वाक्य चालू होतं आणि आरशात एन्योनाम धावत येताना दिसली, पायात एकच चप्पल. अक्पेने तिच्या तेलाच्या दुकानातल्या स्टुलावर टेकली होती आणि उठलीच नव्हती. तेव्हा घशात जे काही वर आलं ते तिथेच बसलं. बायकांनी गल्ली दणाणून सोडली, पुरुषांनी डोळे पुसले, आणि सगळे याच्याकडे बघत राहिले की आता हा रडेल, आता रडेल. तो रडला नाही. त्याला रडता येईना. मग हळूहळू अंग जड झालं, पाय जड झाले, सकाळी चटईवरून उठणं म्हणजे चिखलातून टायर काढण्यासारखं झालं, आणि थंडी वाजायला लागली. अक्रात थंडी! लोक घामाने निथळत असायचे आणि हा अक्पेनेचा तपकिरी स्वेटर घालून गाडीत बसायचा. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरं वाटे. दुःख असंच असणार, असं तो धरून चालला होता. जड, गार आणि घशाशी. लोक म्हणत, दिवस गेले की हलकं होतं. आपलं होत नाही, याचा त्याला थोडा अभिमानही होता. आणि आज लुमोरच्या टेपने ते मोजून दाखवलं. बघ अक्पेने, असं तो चालता चालता मनात म्हणाला, तुझं माप निघालं. पण लगेच दुसरं चित्र डोळ्यांपुढे आलं. पांढऱ्या कपड्यात एक गुबगुबीत विधुर उभा आहे, आणि गल्लीतल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत म्हणताहेत, मानवलं हो याला बायकोचं जाणं. ते चित्र बघून त्याला घामच फुटायला हवा होता. फुटला नाही.

घरी आल्यावर तो जेवायला बसला. चवळी, तिच्यावर गरी म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, बाजूला तळलेली केळी, आणि सगळ्यावर तेल. अक्पेनेचं तेल. पलंगाखाली पिवळ्या कॅनांची रांग होती, अर्धे रिकामे, अर्धे भरलेले. मरायच्या आधीच्या हंगामात ती नेहमीसारखी गावी गेली होती, तेलताडाची फळं घेऊन उकडली, कांडली, आणि तेल कांदा, आलं आणि कसकसल्या बियांत कढवलं. कढई काळी, तेल शेंदरासारखं तांबडं, आणि ती धुराने डोळे बारीक करून ऐकत असायची. तेल बोलायला लागलं की ती म्हणायची, "आता हलवा." ते काय बोलायचं ते डोत्सेला कधी ऐकू आलं नाही. पण आता घास तोंडात गेला की तो वास आधी नाकात जाई, मग डोक्यात, आणि त्या वासाच्या मागे ती उभी असे, बारीक डोळ्यांनी. म्हणून तो पळी दोनदा फिरवी, कधी तीनदा. ताटात चवळी तेलावर तरंगे. न्याहारीच्या लापशीवर तेल, दुपारी भेंडीच्या रश्श्यावर तेल, संध्याकाळी यामचा कंद तळून वर तेल. दुखवटा म्हणून शेजारणी अजून वाडगे आणत, तेही तेलात पोहत. दुःखी माणसाच्या वाडग्यात तळ दिसता कामा नये, ही इथली रीत. सगळं खाऊन होई. कॅन संपत चालले की त्याचा जीव खालीवर होई, आणि जीव खालीवर झाला की तो आणखी तेल घेई. यात काही चुकतंय हे त्याला कळत होतं, पण कळणं आणि पळी हातात धरणं या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींना भेटत नव्हत्या. हल्ली बऱ्याच गोष्टी भेटत नव्हत्या.

हे एन्योनामने पकडलं, आणि तेही एका बकरीमुळे. मोठ्या बहिणीचं दुकान तिच्याकडे आलं होतं आणि मालाची गाडी स्वतः चालवायची म्हणून ती डोत्सेकडेच शिकत होती. त्याच्या गाडीला ब्रेक दोन होते, एक शिकाऊच्या पायाशी, एक त्याच्या. इतकी वर्षं याच दुसऱ्या ब्रेकवर त्याचा संसार चालला होता. शिकाऊ घाबरायच्या आधी त्याचा पाय खाली गेलेला असे. त्या दिवशी मशिदीच्या वळणावर बकरी आडवी आली. त्याने बघितली. चांगली बघितली, तिच्या कानावरचा पांढरा ठिपकाही बघितला. पायाला सांगितलं. पाय म्हणाला, बघतो. तेवढ्यात एन्योनामने स्वतःच ब्रेक मारला, गाडी गचका खाऊन बंद पडली, आणि बकरी जणू तिला सगळं आधीच माहीत होतं अशी निघून गेली.

"दाजी! झोपलात का?"

"बघत होतो."

"काय बघत होतात? बकरीचं तिकीट? मी शिकाऊ आहे ना? मग ब्रेक मी का मारायचा?" तिने त्याच्या हाताला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अगं बाई, मासळीच्या पेटीतला हात आहे हा. चला. उतरू नका, बसा. आज तुम्हाला मीच नेते दवाखान्यात."

"तुला वळता कुठे येतं अजून?"

"दवाखाना सरळच आहे."

दवाखान्यातली डॉक्टर देशाच्या उत्तरेकडची होती, मेमुना नावाची, वयाने त्याच्या मुलीसारखी, आणि हसरी. तिने त्याच्या गळ्याला बोटं लावली, पाणी गिळायला सांगितलं, गुडघ्यावर हातोडी मारून पायाची वाट बघितली. पाय आला, पण सावकाश, आळशी कारकुनासारखा. रक्त घेतलं. काही दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि सांगितलं की त्याच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी सुजून मंद पडली आहे. मग ती एकेक विचारत गेली. थंडी वाजते? अंग जड? आवाज बसलाय? कातडी कोरडी? सकाळी उठवत नाही? विसरायला होतं? डोत्से प्रत्येकाला हो म्हणत होता आणि प्रत्येक 'हो'बरोबर त्याच्या आतून कुणीतरी एकेक भांडं उचलून नेत होतं. हे सगळं त्याचं होतं. त्याचं आणि अक्पेनेचं. ही पोरगी ते असं म्हणून दाखवत होती जसं काही ते रस्त्यावरच्या कुणाचंही असू शकतं.

"आणि रडू न येणं?" त्याने विचारलं. "तेही यातच धरतात का?"

मेमुनाने लिहिणं थांबवलं. "मन जड होतं, बाबा. कधी कधी बधिरही होतं. किती त्या ग्रंथीचं आणि किती तुमचं, ते रक्तात दिसत नाही. खाता काय तुम्ही?"

त्याने सांगितलं. चवळीपासून सुरुवात केली. मेमुनाचे डोळे मोठे होत गेले.

"म्हणजे तेलानेच झालं?" कोपऱ्यातून एन्योनाम.

"तसं मी म्हणणार नाही, मावशी. ग्रंथी बिघडायला कारणं पुष्कळ असतात. पण फार चरबी पोटात जात राहिली की ग्रंथीचं कामही मंदावतं असं काही जणांना दिसलंय. उंदरांत जास्त दिसलंय. माणसांत अजून नक्की नाही."

"मी उंदीर आहे का?" डोत्से म्हणाला.

"उंदीर इतकं तेल खात नाहीत, बाबा," मेमुना म्हणाली, आणि तिघंही हसले. तिने गोळ्या दिल्या. रोज एक, सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. आणि तेल कमी.

घरी येऊन त्याने गोळ्यांची बाटली खिडकीत ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला. इवलीशी पांढरी गोळी. त्याच्या मनात जे होतं ते साधं होतं, आणि साधं होतं म्हणूनच त्याला ते कुणाला सांगता येईना. हे जडपण जर त्या ग्रंथीचं असेल तर अक्पेनेचं काय उरलं? वर्षभर तो जिला गळ्यात घेऊन फिरला ती जर नुसती सूज असेल, आणि ही गोळी ती सूज उतरवणार असेल, तर पांढरे कपडे घालताना तो खरोखरच मोकळा होणार होता. रिकामा. त्याने तिच्यासाठी एक आसूही गाळलं नव्हतं. हे जडपण तेवढं होतं दाखवायला. पण एन्योनाम रोज सकाळी दारातून ओरडत असे, "दाजी, गोळी?" आणि तो म्हणत असे, "घेतली." ते खोटं नव्हतं. तो घेत असे. गोळी चमच्यात ठेवायची, वर तेल सोडायचं, आणि गिळायचं. औषध असंच घेतात. त्याची आई असंच द्यायची, तिची आईही. तेलाने कडू गोष्ट घशात घासत नाही, विष असलं तर तेही मरतं, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. आणि पोट उपाशीच असे. तेल म्हणजे काही जेवण नव्हे.

आठवडे गेले. स्वेटर अंगावरच राहिला. एन्योनाम कपाळाला आठ्या घालून बघू लागली. डोत्सेला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. बघ, हरली गोळी. म्हणजे ही सूज नाहीच, ही तूच आहेस. पुन्हा रक्त तपासलं. मेमुनाने कागद बघितला, त्याच्याकडे बघितलं, परत कागद बघितला.

"बाबा, गोळी घेताय ना?"

"रोज."

"कशाबरोबर?"

त्याने सांगितलं. मेमुनाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड धरून हसली. "माझी आजीसुद्धा असंच घ्यायची," ती डोळे पुसत म्हणाली. "मीच विचारायला हवं होतं. बाबा, ती गोळी भारी मानी आहे. पोटात दुसरं काही असलं की ती आत शिरतच नाही, दारातूनच परत जाते. नुसतं पाणी. आणि मग बराच वेळ काही नाही. तेल तर नाहीच नाही."

परतताना एन्योनाम गाडी चालवत होती. आता ती वळतही होती.

"दाजी, एक सांगू? रागावू नका. तुम्ही सारखे म्हणता ताईचं तेल, ताईचं तेल. ताईने तुम्हाला कधी पळीभर तेल वाढलंय?"

"म्हणजे काय? घरात तेलाचे डोंगर—"

"डोंगर विकायला होते. तुम्हाला चमचाभर. तेही वरून फिरवून, ताटाच्या कडेने. आणि मग बरणी उचलून कपाटाला कडी लावायची. आठवतं? एकदा तुम्ही चोरून घेतलंत तर उलथनं हाणलं होतं तिने. मी तिथेच होते. 'हे माझं भांडवल आहे, तुमचं पोट नाही,' म्हणाली."

गाडी मशिदीच्या वळणावरून गेली. डोत्से खिडकीबाहेर बघत राहिला. उलथनं. त्याच्या उजव्या हाताच्या मागे, अंगठ्याच्या खाली, आता काहीच खूण नव्हती, पण तिथे चुरचुरलं. कसं विसरला तो? वर्षभर ज्या बाईला त्याने तेलाच्या वासामागे उभं केलं होतं ती गप्प होती, बारीक डोळ्यांनी बघणारी, मायाळू, ताट भरणारी. तशी अक्पेने कधी नव्हतीच. अक्पेने बोलायची. उठल्यापासून बोलायची. ताटात वाकून बघायची, "पुरे", आणि बरणी उचलायची. त्याच्या पोटावर टिचकी मारायची. गाडीत पेट्रोल किती घातलंत, विचारायची. त्याने तिला गप्प केलं होतं, तेलात बुडवून. ते आठवलं आणि त्याला एकदम हसू आलं. खरखरीत, अडलेलं, पण हसू. एन्योनामने चमकून बघितलं आणि समोरचा टेम्पो जेमतेम चुकवला. आणि डोत्सेचा पाय? डोत्सेचा पाय ब्रेकवर होता. कधी गेला, त्याला कळलंही नव्हतं.

त्यानंतर तो गोळी पाण्याबरोबर घेऊ लागला. शेजारणींचे वाडगे आले की एन्योनाम दारातच अडवी. "तेल काढून आणा. आमचे दाजी उंदीर झालेत." डोत्सेला वाटलं होतं की एखाद्या सकाळी उठल्यावर जडपण गेलेलं असेल आणि त्याच्या जागी खड्डा असेल. तसं काही झालं नाही. ते असं गेलं जसं रस्त्यावर साचलेलं पाणी जातं. कुणी नेताना दिसत नाही, पण चप्पल भिजेनाशी होते. आधी आवाज सुटला. मग शिकाऊंना तो पुन्हा ओरडू लागला. मग एका सकाळी चटईवरून उठल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उठलो आहोत. आणि ती? तो तिला शोधत असे, भीत भीत, खिसा चाचपावा तशी. ती असायची. घशात नव्हे. ती स्वयंपाकघरात असायची, दाराशी, गाडीच्या मागच्या सीटवर. "गियर बदला की, केव्हाचं रडतंय इंजिन." हलकी होती, पण पाठ सोडत नव्हती. जडपणापेक्षा हे जास्त दुखायचं. जडपण अंगावर बसायचं. हे मध्येच कुठेतरी टोचायचं आणि पुढे जायचं, टाचणीसारखं.

वर्ष भरलं तेव्हा कडक उन्हाळा होता. लुमोरने पांढरा सदरा त्याच सकाळी आणून दिला, अर्धा चालत, अर्धा धावत, हाताला धागे चिकटलेले. बिनकॉलरीचा शिवला होता.

"कॉलर कुठाय?"

"तुझ्या मानेचं काय सांगावं? आज बारीक, उद्या जाड. मी काय रोज उसवत बसू?" मग त्याने डोत्सेच्या गळ्याकडे निरखून बघितलं. "छे, उतरलीय रे. कॉलर बसली असती. कापड वाया घालवलंस माझं."

अंगणात मोठ्या चुली पेटल्या होत्या. पलंगाखालचे उरलेले कॅन डोत्सेने स्वतः ओढून बाहेर आणले. सगळे. एन्योनामने विचारलं, "एक ठेवायचा का?" तो म्हणाला, "भांडवल आहे ते. गल्लीत फिरू दे." तेल कढईत गेलं तेव्हा बायका गप्प झाल्या. एन्योनाम धुराने डोळे बारीक करून उभी राहिली. डोत्से तिच्या शेजारी. कढईत आधी काही नव्हतं, मग बारीक, खालून, कुणी ओठ न उघडता पुटपुटावं तसं काहीतरी सुरू झालं. त्याने एन्योनामकडे बघितलं. तिचं अजून लक्ष नव्हतं.

"आता हलवा," डोत्से म्हणाला.

गल्ली जेवली. लुमोर दोनदा जेवला आणि तिसऱ्यांदा मामाच्या नावाने. डोत्सेचं ताट एन्योनामने वाढलं. चवळी, थोडी गरी, आणि वरून चमच्याने तेल, कडेकडेने फिरवून. त्याने आणखी तेलासाठी ताट तिच्यापुढे थोडं सरकवलं. तिने भांडं उचललं.

"पुरे," ती म्हणाली.

तो आवाज तिचा होता. पण शब्द म्हणायची तऱ्हा तिची नव्हती, आणि हे तिलाही कळलं असावं, कारण ती भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. डोत्सेने घास घेतला. तिखट, तांबडा, कांद्याचा. गिळला. तो सरळ खाली गेला. घशात काहीच आडवं आलं नाही. आणि मग त्याला जाणवलं की पाठीवरून काहीतरी ओघळतंय. मानेवरून, काखेतून, कपाळावरून. नव्या सदऱ्यावर पाठीला ओला नकाशा उमटला होता. डोक्यावर ऊन होतं, चुलीची धग अंगावर येत होती, आणि वर्षभरात पहिल्यांदा ती धग त्याला लागत होती. त्याने सदऱ्याची बटणं सोडली. तोंडावरून ओघळणारं सगळंच घाम नव्हतं, हे समोर बसलेल्या लुमोरच्या लक्षात आलं असेल, पण त्या वेळी लुमोरच्या ओठांत टाचण्या नव्हत्या, हाडूक होतं, आणि त्याने ते काढलं नाही.

डोत्से मान वर करून स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे बघत मोठ्याने, चिडून, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "किती उकडतंय गं, अक्पेने."